मैत्रिणीचं घर म्युनिकला आणि यादी पाच देशांची

पत्र असं आहे:

"ताई, माझी शाळेपासूनची मैत्रीण बरीच वर्षं म्युनिकला आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी पाच वर्षांची आहे. दर फोनला 'ये गं एकदा' म्हणायची. शेवटी यंदा जूनमध्ये सोळा दिवसांसाठी जायचं मी ठरवलं, एकटीने. एवढा खर्च करून जायचं तर सगळं बघून यावं, म्हणून एक तक्ता केला. म्युनिक, तो परीकथेतला राजवाडा, स्वित्झर्लंड, पॅरिस, व्हेनिस, प्राग. कुठल्या दिवशी कुठे, सगळं लिहून तिला पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग एवढंच आलं: 'बघू गं. मला रजा चारच दिवस मिळेल.' तेव्हापासून मन खट्टू झालंय. तिला मी जड होतेय का? नवरा म्हणतो, तिला वेळ नसेल तर जाऊच नकोस. सासूबाई म्हणतात, हक्काचं घर असताना हॉटेलचा खर्च कशाला. आणि ती माझ्याकडून एक पैसा घेणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. काय करू?"

जा. जरूर जा. फक्त तो तक्ता फाडून टाका.

तुमच्या मैत्रिणीने 'येऊ नकोस' असं कुठेही म्हटलेलं नाही. तिने तुम्हाला एक आकडा सांगितलाय, आणि तुम्ही तो नकार समजून बसलात. जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असलेल्या माणसाला कायद्याने वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा मिळते, बऱ्याच ठिकाणी ती ३० दिवसांपर्यंत जाते. ऐकायला चैन वाटते. पण लहान मूल असलेल्या घरात ही रजा वर्षाच्या सुरुवातीलाच वाटून संपते. काही दिवस आईवडिलांना भेटायला जाण्यासाठी, काही बालवाडी बंद असते त्या दिवसांसाठी, काही मुलगी तापाने फणफणली तर हाताशी असावेत म्हणून. नवऱ्याची रजा वेगळी आणि तिची वेगळी, दोघांनी मिळून वर्ष कसंबसं झाकायचं असतं. त्यातून जे चार दिवस उरले ते तिने तुमच्या नावावर मांडलेत. मला तर त्यात प्रेमच दिसतं. दोन दिवस उत्तर आलं नाही, कारण ते दोन दिवस ती बहुधा कॅलेंडर उघडून बसली होती.

आता तोच तक्ता तिच्या डोळ्यांनी वाचा. तुम्ही लिहिलंत 'पॅरिस, दोन दिवस'. तिने वाचलं: बरोबर कोण जाणार, बुकिंग कोण करणार, मुलीला बालवाडीतून कोण आणणार, आणि मी नाही गेले तर ही एकटी हरवणार तर नाही ना? प्रत्येक ओळीला हेच चार प्रश्न. एवढं सगळं 'बघू गं' या दोन शब्दांत बसवलंय, ते मला तरी समजूतदारपणाचंच वाटतं.

आणि मैत्रीण बाजूला ठेवली तरी ती यादी मुळातच चुकलीय. नकाशावर म्युनिक सगळ्याच्या मधोमध दिसतं, त्यामुळे पाच देश हाताच्या अंतरावर वाटतात. रेल्वेने पॅरिस साधारण सहा तास. प्रागही तेवढंच. व्हेनिस त्याहून थोडं जास्त, कारण वाटेत आल्प्स ओलांडायचे असतात. झुरिक साडेतीन-चार तास. प्रत्येक ठिकाणाहून परत म्युनिकला यायचं म्हटलं की सोळातले कितीतरी दिवस खिडकीला डोकं टेकून जाणार. त्यात जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात ही कीर्ती आता जुनी झाली. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या त्या साठ-बासष्ट टक्केच, आणि त्यांच्या हिशेबात पाच मिनिटांचा उशीरसुद्धा 'वेळेवर'मध्येच धरतात. तुमच्या तक्त्यात दोन गाड्यांमध्ये वीस मिनिटं ठेवलेली असणार, याची मला खात्री आहे.

म्हणून माझं मत असं, की म्युनिकबाहेरचं एकच मोठं शहर घ्या, तिथे एकटीने जा, आणि सोळा दिवसांच्या मधोमध जा. मी ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना निवडेन. म्युनिकहून थेट गाडीने चार तास, आणि साल्झबर्ग त्याच रस्त्यावर आहे. जाताना एक रात्र साल्झबर्गला उतरा: १०७७ मध्ये बांधायला घेतलेला डोंगरावरचा किल्ला, खाली नदी, आणि गेट्रायडेगासे नावाच्या गल्लीत ९ नंबरचं घर, जिथे २७ जानेवारी १७५६ ला मोझार्ट जन्मला. दुसऱ्या दिवशी अडीच तासांत व्हिएन्ना. तिथे शोनब्रुन राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत, प्रवाशांना दाखवतात त्या चाळीसच. चाळीस पुरतात. चित्रांची आवड असेल तर कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगेलच्या चित्रांचं दालन आहे, त्याची एवढी चित्रं जगात दुसरीकडे कुठे एकत्र नाहीत. संगीत आवडत असेल तर स्टेट ऑपेराचा हंगाम जूनअखेरपर्यंत चालतो, आणि उभं राहून ऐकण्याची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी मिळतात. पाय दुखले तर मध्यंतरात निघून या, कुणी काही म्हणत नाही.

मधोमध का, तेही सांगते. पाहुणा कितीही लाडका असला तरी सातव्या-आठव्या दिवशी घर जरा दमतं. म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महाग भाड्याचं शहर आहे, तिथे नोकरदार जोडप्याचं घर ऐसपैस असण्याची शक्यता कमी. तुम्ही झोपणार म्हणजे एकतर मुलीची खोली जाणार किंवा बैठकीच्या खोलीतला सोफा. मग तिच्या नवऱ्याला रात्री दहा वाजता टीव्हीसमोर पाय पसरता येत नाहीत. तो बिचारा काही बोलणार नाही. तुम्ही पाच दिवस व्हिएन्नाला गेलात की त्यांना आपलं घर परत मिळतं, आणि तुम्ही परताल तेव्हा सांगण्यासारखं काही घेऊन याल. सासूबाईंना सांगा, हॉटेलचे ते पैसे मैत्री टिकवण्यासाठीच घातले.

आता उरलेले दिवस. इथे दोन गोष्टी वेगळ्या काढा: तुम्हाला बघायचं आहे ते, आणि तिच्याबरोबर करायचं आहे ते. बहुतेक पाहुणे इथेच गोंधळ करतात. परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारून बघा, येणाऱ्या प्रत्येक माणसाला तोच राजवाडा, तेच घड्याळ, तोच चौक दाखवून ते कसे कंटाळलेले असतात.

नोयश्वानश्टाइन हे त्यातलं अव्वल नाव, तुमच्या पत्रातला 'परीकथेतला राजवाडा'. तिथे तिला अजिबात ओढू नका. ती प्रत्येक पाहुण्याबरोबर तिथे गेलेली असणार, आणि फाटकाशी मुलीला आइस्क्रीम देत उभी राहिलेली असणार. तुम्ही एकट्या जा, आठवड्यातल्या मधल्या दिवशी. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने तो १८६९ पासून बांधायला घेतला, आणि १३ जून १८८६ ला त्याचा मृतदेह श्टार्नबेर्गच्या तळ्यात सापडला. तो बुडाला, बुडवला की स्वतःच गेला, यावर तिथे अजून वाद घालतात. राजा एकांतप्रिय, लोक नकोत म्हणून डोंगरात लपून बसणारा. आणि तो गेल्यावर सात आठवड्यांत, १ ऑगस्टला, तोच महाल तिकीट लावून लोकांना उघडला. आतल्या बऱ्याच खोल्या कधी पूर्ण झाल्याच नाहीत. २०२५ मध्ये लुडविगचे महाल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे गर्दी कमी होण्याची आशा नको.

आतली फेरी अर्ध्या तासाचीच असते, गाइडबरोबर, ठरलेल्या वेळेला, आणि आत फोटो काढू देत नाहीत. वेळ चुकली की तिकीट गेलं. म्हणून तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि वेळ दुपारी दोननंतरची घ्या. त्याचं कारण बायर्न-तिकीट. हे एका दिवसाचं तिकीट बव्हेरियातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्यांना, शिवाय म्युनिकच्या मेट्रो, ट्राम, बसलाही चालतं. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच सुरू होतं. नऊनंतर निघून फ्युसेन या राजवाड्याजवळच्या स्टेशनपर्यंत दोन तास, पुढे बस, मग चढावर अर्धा-पाऊण तास चालणं. बाहेरून बघायला मारीएनब्रुके नावाचा पूल आहे, दरीवर, जवळजवळ नव्वद मीटर उंच. खरं सांगायचं तर आतल्या फेरीपेक्षा मला तो पूल जास्त मोलाचा वाटतो. तिकीट संपलेलं असेल तर नुसत्या पुलासाठीही जा.

दाखाऊला जायचं असेल तर तेही एकटीनेच. २२ मार्च १९३३ ला नाझींनी तिथे छळछावणी उघडली, २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैन्याने ती मुक्त केली. मधल्या बारा वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसं तिथे डांबली गेली, त्यातली किमान ४१,५०० मेली. एस-२ ही लोकल, पुढे बस, प्रवेश मोफत. अर्धा दिवस ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. पाच वर्षांच्या मुलीला तिथे नेऊ नये, आणि मैत्रिणीच्या मोजक्या रजेतला दिवस तर तिथे मुळीच घालू नये.

शहरातलं तुमचं तुम्हाला जमेल. मारीएनप्लाट्झ चौकातल्या घड्याळातल्या बाहुल्या सकाळी ११ आणि दुपारी १२ ला नाचतात, उन्हाळ्यात संध्याकाळी ५ लाही. एकदा बघा, दुसऱ्यांदा नको. डॉयचेस म्युझियम हे १९०३ मध्ये स्थापन झालेलं विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय इझार नदीतल्या बेटावर आहे, ते एका दिवसात संपत नाही, आवडीची दोन दालनं ठरवून जा. आल्टे पिनाकोटेकमध्ये ड्यूररने १५०० साली काढलेलं स्वतःचं चित्र आहे, समोरून आपल्याकडेच बघणारं. तिथे रविवारी तिकीट फक्त १ युरो असतं. नोये पिनाकोटेक मात्र यादीत घालू नका, २०१८ च्या अखेरीपासून दुरुस्तीसाठी बंद आहे. रविवारची ही सवलत तुमच्या कामी येईल ती अशी: एका रविवारी सकाळी तुम्ही गुपचूप तयार होऊन संग्रहालय गाठा, आणि त्या तिघांना उशिरापर्यंत लोळू द्या. जेवायच्या वेळेला परत या.

दिवसाचं झालं. संध्याकाळ तिची. आणि इथे जून महिना तुमच्या बाजूने आहे. म्युनिकला जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. ती साडेपाचला मोकळी झाली तरी पुढे चार तास स्वच्छ उजेड असतो. म्हणजे रजा न घेताही तिच्याबरोबर रोज अर्धा दिवस मिळतो, फक्त दिवसभर फिरून तुम्ही पार गळून जायचं नाही. इंग्लिशर गार्टन ही १७८९ ची बाग आहे, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षाही मोठी. तिथल्या बिअर गार्डनमध्ये बव्हेरियाची जुनी रीत अजून चालते: पेय तिथलं विकत घ्यायचं, खाणं आपलं घरचं आणायचं. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर बसा, म्हणजे झालं. बिअर प्यायलाच हवी असं काही नाही, सफरचंदाचा रस सोड्यात घालून देतात, तो सगळी मुलं पितात. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात तुम्हीच काहीतरी करा, डबे भरा, आणि मुलीला घेऊन तिघी तिथे जा. नाहीतर ऑलिम्पिक पार्क. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी उभारलेली ती काचेच्या तंबूंसारखी छपरं, आणि शेजारी हिरवीगार टेकडी. ती टेकडी दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहराचा राडारोडा रचून झालीय. वर बसलं की सगळं म्युनिक दिसतं, हवा स्वच्छ असेल तर आल्प्सही. तिकीट नाही.

तुम्ही दोघी वर्षानुवर्षं फोनवर बोलत आलात. तिला तुमच्याबरोबर राजवाडे बघायचे नसतील, तिला गवतावर बसून बोलायचं असेल. तिच्या भाषेत, मध्ये इंग्रजी-जर्मन न घालता, शाळेतल्या बाईंच्या नकला करत. परक्या गावात हे तिला कुणाबरोबर करता येत असेल, सांगा बरं.

राहिले तिचे चार दिवस. ते कुठले आणि कुठे, हे सर्वस्वी तिला ठरवू द्या. विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: 'तू इतकी वर्षं तिथे राहून अजून काय पाहिलं नाहीस?' गावात राहणाऱ्यांचं नेहमी काहीतरी राहून गेलेलं असतं, पाहुणा आल्यावर जाऊ म्हणून. श्टार्नबेर्गचं तळं असेल, लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर, पोहायला, आणि जिथे राजा सापडला तिथे पाण्यात क्रूस उभा आहे तो बघायला. किंवा त्सुगश्पिट्झे, जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर, २,९६२ मीटर, वर जूनमध्येही बर्फ असू शकतं. किंवा मुलीला हवं असेल ते, हेलाब्रुनचं प्राणिसंग्रहालय. एक बारीकशी सूचना: इस्टरनंतर साठ दिवसांनी, गुरुवारी, तिथे फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाची सुटी असते, बहुतेक वर्षी ती जूनमध्येच पडते. शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस हाताला लागतात. तुमच्या तारखा त्या आठवड्याला जोडता आल्या तर तिचे चार दिवस सात-आठ होतील. पण त्याच सुमाराला शाळांनाही सुटी असते आणि अर्ध जग गाडीत बसतं, तेव्हा लांबचा बेत नको, आणि आधी तिलाच विचारा.

यातल्या एका संध्याकाळी तुम्ही मुलीला सांभाळा आणि त्या दोघांना बाहेर पाठवा. आजी-आजोबा जवळ नसलेल्या जोडप्याला याहून मोठी भेट नाही. मुलगी तुम्हाला चार दिवसांत ओळखू लागली की मग, पहिल्याच दिवशी नाही.

पैशांचं. ती घेणार नाही हे माहीत आहे ना? मग द्यायला जाऊच नका. जेवणाच्या टेबलावर नोटा पुढेमागे ढकलण्याचा तो सोहळा कुणालाच आवडत नाही. त्याऐवजी खर्च तिच्यापर्यंत पोचण्याआधीच करून टाका. बायर्न-तिकीट एकावर पाच जणांपर्यंत चालतं आणि माणूस वाढला की दरडोई स्वस्त होतं, ते तुम्ही काढा. शिखरावर जायची केबल-कार, तळ्यातली बोट, संग्रहालय, ही तिकिटं आधल्या रात्री तुमच्या फोनवरून. आठवड्याचा किराणा एकदा तुम्ही भरून आणा, यादी फ्रिजवर लावलेली असते. शनिवारीच आणा मात्र. बव्हेरियात दुकानं रात्री ८ ला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. शेवटच्या रात्रीचं बाहेरचं जेवण तुमच्याकडून, असं आल्या दिवशीच जाहीर करा, म्हणजे वादाला जागा नाही. तुमचा शहरातला प्रवास, फोनचं सिम, विमा, यांतलं काहीही तिच्या कार्डावर जाऊ देऊ नका. लोकल-मेट्रोचं स्ट्रिपचं, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांनी वापरायचं तिकीट असेल तर शिक्का मारल्याशिवाय गाडीत बसू नका. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दंड ६० युरो, आणि 'मी पाहुणी आहे' हे त्यांनी फार वेळा ऐकलेलं असतं. महिन्याचं ते देशभर चालणारं डॉयचलँड-तिकीट २०२६ पासून ६३ युरोला आहे. ती दरमहा आपोआप पुढे चालू राहणारी वर्गणी असते, रद्द करायला महिन्याच्या १० तारखेच्या आत सांगावं लागतं. तुमच्या सोळा दिवसांत खूप फिरणं असेल तर परवडेल, पण रद्द करायला विसरलात तर भुर्दंड.

काय न्यावं? तिलाच विचारा, आणि ती 'काही नको' म्हणाली तर तिच्या आईला विचारा. एक गोष्ट लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे, पनीर यांवर विमानतळावर गदा येऊ शकते. मसाले, पुस्तकं, मुलीसाठी मराठी गोष्टींची पुस्तकं तर नक्कीच, हे चालतं.

घरातल्या चार गोष्टी. दार बाहेरून ओढून घेतलं की किल्लीशिवाय उघडत नाही, तिथल्या दारांना बाहेरच्या बाजूला बहुधा फिरणारी मूठ नसते. कचरा टाकायलाही किल्ली घेऊनच बाहेर पडा. रविवारी कुलूपवाला बोलावण्याचा खर्च ऐकून तुम्हाला व्हिएन्ना स्वस्त वाटेल. रात्री १० नंतर आणि रविवारी दिवसभर इमारतीत शांतता पाळतात, व्हॅक्युम क्लीनर चालवून तिला मदत करायची असेल तर शनिवारी. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, बहुतेकींवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रातून परत मिळते. हे काम मुलीवर सोपवा, तिला ते फार आवडतं असं कळेल. संध्याकाळी जेवायला आहात की नाही, हे दुपारीच कळवा. आणि तिच्या घराचे, मुलीचे फोटो कुठेही टाकण्याआधी विचारा, तिथे लोक याबाबत फार जपतात.

आता तिला पाठवायचा निरोप. तुम्ही लिहायला बसलात की चार पानं होतील आणि त्यात रुसवा डोकावेल, म्हणून मीच लिहून देते:

'अगं, तो तक्ता विसर. मी तुला भेटायला येतेय. तू ऑफिसला गेलीस की माझी मी फिरेन, मधले पाच दिवस साल्झबर्ग-व्हिएन्नाला एकटी जाऊन येईन. तुझे चार दिवस कधी घ्यायचे आणि कुठे जायचं ते तूच ठरव, तू न पाहिलेलं काही असेल तर तिथेच जाऊ. माझ्या तारखा अजून हलवता येतील. झोपायची सोय कशी ते मोकळेपणाने सांग, जवळ खोली घेऊन राहिले तरी मला चालेल.'

शेवटचं वाक्य गाळू नका, आणि तिने खरंच 'खोली घेतलीस तर बरं' म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. खोली घ्या आणि नाश्त्याला तिच्याकडे जा.

नवऱ्याला काय सांगायचं? तो तुमच्या बाजूने रागावलाय, हे चांगलंच आहे. त्याला हा निरोप आणि त्यावरचं तिचं उत्तर दाखवा. माझ्या अंदाजाने ते पाच मिनिटांत येईल.

कागदपत्रांचं काम मात्र लगेच सुरू करा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. जूनसाठी गर्दी असते, पंधरा दिवसांवर विसंबू नका. जास्त दिवस जर्मनीत राहणार, म्हणून अर्ज जर्मनीकडेच. त्याच व्हिसावर ऑस्ट्रियाही होतं. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. मैत्रिणीकडून साधं निमंत्रणपत्र आणि पत्त्याचा पुरावा घ्या, खर्चाची तयारी तुमच्या बँकेच्या खात्यातून दाखवा. तिथे यजमानाने सरकारी कचेरीत जाऊन करून द्यायचं एक हमीपत्रही असतं, फेरप्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग असं लांबलचक नाव. त्यात पाहुण्याच्या सगळ्या खर्चाची, आजारपणाचीसुद्धा, कायदेशीर जबाबदारी ती स्वतःवर घेते, शिवाय तिचं उत्पन्न तपासतात आणि तिला शुल्कही भरावं लागतं. तुमची स्वतःची शिल्लक पुरेशी असेल तर ते तिच्याकडे मागूच नका, तुमच्याकडे पैसे असताना तिला त्या रांगेत उभं करण्यात अर्थ नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावर रांग लांबू शकते. तिला गेटबाहेर ताटकळत उभं करू नका, 'घरीच थांब, मी लोकलने येते' असं सांगा. विमानतळावरून एस-१ आणि एस-८ या दोन्ही लोकल शहरात जातात.

व्हिएन्नातली खोली आत्ता ठरवलीत तरी रद्द करता येईल अशीच घ्या, आणि विमानाचं तिकीट तिच्या तारखा कळल्यावर.